लाल दिवा लागला म्हणून राउटर बदलू नका, गुरुजी

खानापूर तालुक्यातून, जांबोटीच्या अलीकडच्या एका गावातून, एका निवृत्त गुरुजींनी विचारलंय. घरी दोन वर्षांपासून फायबरचं कनेक्शन आहे, शंभर एमबीपीएसचा प्लॅन. पावसाची मोठी सर आली की डब्यावरचा लाल दिवा लुकलुकतो, नेट जातं आणि तास-दोन तासांनी आपोआप परत येतं. ऑपरेटरचा पोरगा म्हणतो, "राउटर गेलंय बघा सर, नवं घालूया." मुलगा पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करतो, त्यामुळे घरात घाई आहे. घरापासून दीडशे मीटरवर गोठा आहे, तिथे कॅमेरा बसवायचाय. आणि पत्राच्या शेवटी लिहिलंय, "आयुष्यभर गणित शिकवलं, पण या डब्या-वायरींचं गणित कुणी समजावून सांगत नाही."

गुरुजी, तुमचं शेवटचं वाक्य मी आधी घेतो. ते गणित सुटलं की बाकीचे निम्मे प्रश्न उरतच नाहीत. तोवर राउटरचे पैसे खिशातच असू द्या. लाल दिवा लागतो तेव्हा घरापर्यंत उजेडच पोचलेला नसतो. अंधाऱ्या खोलीत चष्मा बदलून काय दिसणार?

मी या धंद्यात केबल टीव्हीच्या काळापासून आहे. तेव्हा काळी जाड कोअ‍ॅक्स केबल असायची आणि थोड्या थोड्या खांबांवर सिग्नल वाढवणारा, विजेवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर. चैत्र-वैशाखात वळवाची वीज कडाडली की आम्ही मनातल्या मनात मोजायचो, आज किती अ‍ॅम्प्लिफायर जळाले असतील. सकाळी उठून शिडी खांद्यावर. फायबर आलं आणि तो त्रास संपला, कारण काचेतून वीज वाहत नाही. ऑपरेटरच्या खोलीतल्या यंत्रापासून तुमच्या घरापर्यंत वाटेत विजेवर चालणारं एकही उपकरण नसतं. तिकडच्या यंत्राला ओएलटी म्हणतात, तुमच्या घरातल्या डब्याला ओएनयू किंवा ओएनटी. मध्ये असते फक्त काच, जोड आणि उजेड वाटून देणारे स्प्लिटर. म्हणूनच सगळा गाव अंधारात असला तरी तुमच्या डब्याला आणि ऑपरेटरच्या खोलीला बॅटरी असेल तर नेट चालू राहतं.

घरात आलेली ती काळी चपटी वायर कधी सोलून बघा. बाजूला एक पोलादी तार असते, ती खांबावर ताण धरायला. आत मजबुतीसाठी दोन बारीक कांड्या, आणि मधोमध काच. रंगीत आवरणासह ती पाव मिलिमीटर भरते. आवरण काढलं की नुसती काच १२५ मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहून थोडी जाड. उजेड त्या सगळ्यातूनही वाहत नाही, तो वाहतो मधल्या नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून. गाभ्याचा अपवर्तनांक बाहेरच्या काचेपेक्षा किंचित जास्त ठेवलेला असतो, त्यामुळे उजेड आतल्या आत अडकून पुढे सरकतो. पूर्ण आंतरिक परावर्तन तुम्हाला मी काय सांगायचं, तुमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर आकृती काढलेली असेलच. दोन नऊ मायक्रॉनचे गाभे समोरासमोर अचूक धरणं, एवढाच आमच्या सगळ्या कौशल्याचा अर्थ.

हा उजेड डोळ्यांना दिसत नाही. तुमच्याकडे येणारा १४९० नॅनोमीटरचा, तुमच्याकडून जाणारा १३१० चा. दोन्ही एकाच काचेतून, एकमेकांना धक्का न लावता. काही जण टीव्हीच्या रिमोटसारखा मोबाइलच्या कॅमेऱ्यात तो बघायला जातात. रिमोटचा प्रकाश कॅमेऱ्याला दिसतो, हा दिसत नाही, त्यामुळे काही दिसलं नाही म्हणजे वायर मेलेली आहे असं समजू नका. आणि सुटलेल्या टोकात डोळा घालून बघायचं तर मुळीच नाही. घरातल्या वायरीत फार ताकद नसते हे खरं, पण कुठली वायर थेट ओएलटीकडून आली आहे हे बाहेरून ओळखता येत नाही. तुटलेल्या काचेचा तुकडा उघड्या हाताने उचलू नका. बोटात गेला तर दिसत नाही, नुसता सलत राहतो.

आता तुमचा विषय. आम्ही उजेडाची ताकद डीबीएममध्ये मोजतो. एक मिलिवॉट म्हणजे शून्य डीबीएम. पुढचं सगळं लॉगॅरिदम, पाया दहा. उजेड दहापट घटला की १० डीबी वजा, निम्मा झाला की साधारण ३ डीबी वजा. उणे १० म्हणजे मिलिवॉटचा दहावा भाग, उणे २० म्हणजे शंभरावा, उणे ३० म्हणजे हजारावा. तुमचा ओएनयू साधारण उणे ८ ते उणे २७ या पट्ट्यात वाचू शकतो. उणे ८ च्या वर गेलं तर डोळे दिपतात, उणे २७ च्या खाली गेलं तर दिसेनासं होतं. लॉगचा फायदा तुम्हाला ठाऊकच आहे, गुणाकाराची बेरीज होते. म्हणून वाटेतली सगळी गळती आम्ही कागदाच्या पाठीवर किराणाच्या यादीसारखी मांडतो.

समजा ओएलटीतून उजेड अधिक ३ ने निघाला आणि तुमचं घर नऊ किलोमीटरवर आहे. काचेतली गळती किलोमीटरला पाव डीबीच्या आसपास, म्हणजे सव्वादोन. वाटेत एक आठचा स्प्लिटर. तो उजेडाचे आठ वाटे करतो, म्हणजे गणिताने ९, पण प्रत्यक्षात साडेदहा खातो. गावात आणखी एक आठचा, आणखी साडेदहा. सहा जोड, प्रत्येकी ०.१ धरू, ०.६. चार कनेक्टर, प्रत्येकी ०.३ धरू, १.२. एकूण पंचवीस. तीनातून पंचवीस गेले, उरले उणे २२. हा चांगला आकडा. पाच डीबी शिल्लक राहिली, पावसापाण्याला पुरेशी.

या यादीत अंतराची रक्कम किती किरकोळ आहे बघा. लोक म्हणतात, "आमचं गाव लांब म्हणून नेट नीट येत नाही." नऊ किलोमीटर काच खाते सव्वादोन डीबी, आणि तुमच्या खिडकीच्या चौकटीत चेपलेली वायर एका जागी पाच खाऊ शकते.

आता मला ज्याचा संशय आहे ते सांगतो. आपल्याकडे रस्त्याच्या कडेने ओळीने गावं असतात. तिथे समान वाटे करणाऱ्या स्प्लिटरऐवजी कपलर घालायची पद्धत आहे, दहा-नव्वदचा, वीस-ऐंशीचा. मुख्य वायरीतून दहा टक्के उजेड या गावाला काढायचा, नव्वद टक्के पुढे सोडायचा. नव्वदच्या बाजूला अर्ध्या डीबीच्या आसपास गळती, दहाच्या बाजूला दहाहून थोडी जास्त. शेताला पाट काढून पाणी द्यावं तसं. तोट्याची बाजू हीच की वरच्या अंगाला कुणी नवं भोक पाडलं की खालच्या सगळ्यांचं पाणी थोडं थोडं कमी होतं, आणि ते कुणाला सांगितलं जात नाही. दोन वर्षांपूर्वी तुम्हाला उणे २२ मिळत असेल. मध्ये दोन वाड्यांना कनेक्शन दिली, एक जोड तुटून परत मारला, आणि आज तुम्ही उणे २६ वर आला असाल. कोरड्या दिवसात सगळं व्यवस्थित. पाऊस आला, वारा सुटला, कुठेतरी वायर हलली, एक डीबी गेली, की लाल दिवा. पाऊस थांबला की परत सुरू. राउटर बिचारा या सगळ्यात कुठेच नाही.

आणि पाऊस काचेत शिरत नाही, हेही लक्षात ठेवा. पाणी शिरतं जोडाच्या डब्यात. खांबावर जोड ठेवायला काळा लांबट डबा टांगतात, आम्ही त्याला क्लोजर म्हणतो. त्याचं वायरी शिरायचं तोंड खाली असायला हवं. घाईत कुणी तोंड वर करून टांगला की पहिल्या मृगाच्या पावसात तो तांब्यासारखा भरतो. कणकुंबी-जांबोटी भागातला पाऊस काय असतो हे तुम्हाला माहीतच आहे. मी एक क्लोजर उघडला होता, त्यात बेडकाने संसार थाटला होता.

आता तपासणी. ऑपरेटरला बोलावण्याआधी दिवे वाचा. लाल दिव्याखाली एलओएस, म्हणजे लॉस ऑफ सिग्नल, लिहिलेलं असतं. तो लागला किंवा लुकलुकला म्हणजे उजेड नाही किंवा फारच कमी आहे. दोष वायरीचा. एलओएस बंद आहे पण पॉन (ओएलटी, स्प्लिटर, ओएनयू या सगळ्या जाळ्याचं नाव) लिहिलेला हिरवा दिवा लुकलुकतोय, याचा अर्थ उजेड येतोय पण तिकडचं यंत्र तुमच्या डब्याला ओळखत नाही, किंवा तुमचा आवाज तिकडे पोचत नाही. पॉन स्थिर आहे आणि इंटरनेटचा दिवा लाल, तर काच ठीक आहे, लॉग-इन किंवा बिल किंवा ऑपरेटरच्या पुढची काहीतरी भानगड. सगळे दिवे हिरवे आणि मोबाइलवर मात्र नेट नाही, तेव्हा कुठे राउटरवर आणि वायफायवर संशय घ्यायचा. आमची पोरं फोनवर एकमेकांना सांगतात ना, "लाईट हाय, खरं (म्हणजे पण) नेट न्हाई," त्याचा अर्थ हा दुसरा किंवा तिसरा प्रकार. तुमचा आहे पहिला.

मग आकडा बघा. घरातल्या वायफायला जोडलेल्या मोबाइलवर ब्राउझर उघडून १९२.१६८.१.१ टाका. डब्याच्या पोटाखाली चिकटवलेल्या कागदावर पत्ता वेगळा असेल तर तो टाका, पासवर्डही बहुतेक तिथेच असतो. आत पॉनच्या किंवा ऑप्टिकलच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे डब्याला मिळणाऱ्या उजेडाची ताकद, असं लिहिलेलं सापडेल. तो तुमचा आकडा. कोरड्या दिवशी सकाळी एकदा, आणि पाऊस पडत असताना, नेट जाण्याआधी, एकदा. दोन्हींत एक डीबीहून जास्त फरक असेल तर वायरीत ओल किंवा हालचाल आहे. फरक फारसा नाही पण दोन्ही आकडे उणे २६-२७ च्या जवळ आहेत, तर मूळ हिशेबच तुटीचा आहे आणि ते ऑपरेटरने वरच्या अंगाला दुरुस्त करायचं काम आहे.

घरातला भाग तुम्ही स्वतः बघू शकता. भिंतीच्या भोकातून वायर आत येते तिथे बाहेर ती भोकाच्या खाली वाकून मग वर चढून आत जायला हवी, म्हणजे पाणी त्या खालच्या वळणावरून ठिबकून पडतं. सरळ उतारावरून आत आली असेल तर पाणी तिच्या अंगावरून थेट डब्यापर्यंत येतं. खिडकीच्या फळीत चेपली आहे का बघा. खिळ्याला करकचून बांधली आहे का बघा. घरात येणारी वायर बहुतेक वाकणं सोसणाऱ्या जातीची असते, जी.६५७, तिला एक सेंटीमीटर त्रिज्येचं वळण चालतं. जुनी जी.६५२ असेल तर तीन सेंटीमीटर हवी. उरलेली वायर गुंडाळायची तर बशीएवढी गुंडाळी करा, बांगडीएवढी नको.

डब्यात घुसणारं कनेक्टर बहुतेक हिरवं असतं. बाहेर काढलं तर टोकाला बोट लावू नका, शर्टाला पुसू नका, तोंडाने फुंकर मारू नका. फुंकरीत वाफ असते. नऊ मायक्रॉनच्या दारात धुळीचा एक कण म्हणजे दारात आडवा झोपलेला बैल. औषधाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. लिंट न सुटणारा कागद त्यात भिजवून एकदाच, एकाच दिशेने पुसा, सुकू द्या, आणि खट् आवाज येईपर्यंत आत बसवा. अर्धवट बसलेलं कनेक्टर हा दोष मला महिन्यातून दोनदा तरी सापडतो. सैपाकघरात भांडी लावताना कुणाचा तरी हात लागलेला असतो.

हिरव्याचं एक सांगायलाच हवं. हिरव्या कनेक्टरचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, म्हणजे परत फिरणारा उजेड गाभ्यातून बाहेर पडून जावा. निळ्याचं टोक तिरकं नसतं. दोघांचा आकार तोच, एकमेकांत आरामात बसतात. बसतात आणि मध्ये फट राहते. नवीन होतो तेव्हा वडगावात एका हातमाग-यंत्रमागवाल्यांच्या घरी मी हिरव्यात निळं घातलं आणि दिवसभर खांब चढत बसलो. क्लोजर उघडला, स्प्लिटर बदलला, काही म्हणून होईना. संध्याकाळी त्यांची शाळेतली नात मला म्हणाली, "काका, ह्याला हिरवं आणि त्याला निळं कसं?" तेव्हापासून मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी रंग शिकवतो.

जोडाबद्दल एक आग्रह. वायर तुटली की दोन प्रकारे जोडतात. एक, हाताने बसवायचं झटपट कनेक्टर, पाच मिनिटांचं काम. दुसरं, फ्युजन जोड: काच सोलायची, पुसायची, क्लीव्हरने (काच कापायच्या अवजाराने) काटकोनात तोडायची, आणि मशीनमध्ये दोन टोकं ठिणगीने वितळवून एक करायची. फ्युजनमध्ये गळती ०.०२ ते ०.०५ डीबी, हाताच्या कनेक्टरमध्ये चांगलं बसलं तरी ०.३ ते ०.५. गळतीपेक्षा वाईट म्हणजे ते हाताचं कनेक्टर थंडी-उन्हाने, दमटपणाने हळूहळू सैल होतं. बेळगाव शहरात टिळकवाडीच्या फ्लॅटमध्ये ते वर्षानुवर्षं चालेल. तुमच्या भागात खांबावर ते नकोच. ऑपरेटरला सांगा, "फ्युजन मारा, वर स्लीव्ह (जोड झाकणारी नळी) घाला." मशीन महाग असतं, म्हणून आणायचा कंटाळा करतात. तुम्ही नावानिशी मागितलंत तर आणतात.

तुटतं कुठे हे शोधायला दोन अवजारं असतात. एक लाल लेझरची पेनासारखी वस्तू. रात्री वायरीत लाल उजेड सोडला की जिथे काच तुटली किंवा चेपली आहे तिथे आवरणातून लाल ठिणगी दिसते. घरातल्या आणि अंगणातल्या दोषाला ही पुरते. दुसरं ओटीडीआर. विहिरीत हाक मारून पडसादावरून खोली अंदाजावी तसं हे यंत्र उजेडाचा ठोका पाठवून परतीचा वेळ मोजतं. काचेत उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, त्यावरून दोष किती मीटरवर आहे हे कळतं. जाणकार माणूस दोन रंगांत मोजतो, १३१० आणि १५५० वर. दोन्हींत गळती सारखी तर जोड किंवा घाण. १५५० वर जास्त तर वायर कुठेतरी मुरगळली आहे, कारण तरंगलांबी वाढली की वळणावर उजेड जास्त सांडतो. असा ओटीडीआरवाला आला की त्याला चहा द्या आणि बोलतं करा.

तुमच्याकडे वायर तुटायची कारणं शहरापेक्षा निराळी. गाळप हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उसाचे शेंडे वर काढून येतो आणि रस्ता ओलांडणारी वायर सोबत घेऊन जातो. जंगलाच्या कडेला वानरं वायरीवर झोके घेतात. खारी आवरण कुरतडतात. तांबं असेल म्हणून कापून नेणारेही भेटतात. आत काच बघून टाकून देतात, पण तोवर आमचं काम झालेलं असतं. बेळगावात शिवजयंतीचे चित्ररथ आणि गणपतीच्या उंच मूर्ती निघाल्या की वायरी बांबूने उचलायला पोरं उभी असतात, तिथे निदान आधी कळतं तरी.

शंभरचा प्लॅन असून कधी कधी संध्याकाळी वेग का पडतो, तेही सांगतो. जीपॉन प्रकारच्या लाइनवर खाली येणारे साधारण २.४८८ जीबीपीएस आणि वर जाणारे १.२४४, हे एका ओएलटी पोर्टवरच्या सगळ्या घरांत मिळून. वर्गाचं उदाहरण घ्या. खाली येताना गुरुजी सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं बोलतात. प्रत्येक डबा आपल्या नावाचंच उचलतो, आणि बोलणं कुलूपबंद असतं म्हणून शेजाऱ्याचं वाचता येत नाही. वर जाताना मात्र हजेरीसारखी पाळी लागते: नाव पुकारलं की तेवढ्या क्षणात बोलायचं आणि गप्प बसायचं. एखाद्याचा डबा बिघडून अखंड बडबडायला लागला की सगळ्या वर्गाचा आवाज दबतो. असा एक डबा शोधायला मी कंग्राळीच्या बाजूला दोन रात्री घालवल्यात. एकेक घर बंद करत जायचं, कुणाला बंद केल्यावर गल्ली जिवंत होते ते बघायचं. ईपॉन प्रकारातही कल्पना तीच, वेग दोन्ही बाजूंना १.२५ जीबीपीएस. लहान ऑपरेटरांकडे तोही भरपूर आहे.

त्यामुळे ऑनलाइन डबा स्वतः मागवायचा विचार करत असाल तर थांबा. जीपॉनच्या लाइनवर ईपॉनचा डबा चालत नाही. दोन्ही चालवणारे एक्सपॉन मिळतात, पण त्याचाही अनुक्रमांक किंवा मॅक पत्ता (डब्याची जाळ्यावरची ओळख) ओएलटीवर नोंदवावा लागतो, आणि ते ऑपरेटरच्या हातात. ओएनयू त्याचाच असू द्या. स्वतःचे पैसे घालायचेच तर वायफायच्या राउटरवर घाला, तेही मुलाचं काम कुठे बसून चालतं ते बघून. तुमच्याकडची घरं चिऱ्याची, भिंती फूट-दीड फूट जाड. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण अशा एका भिंतीत दमतं, दोन भिंतींत बसतं. २.४ लांब जातं पण हळू, आणि त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. मुलाच्या टेबलापर्यंत सरळ लॅन केबल ओढा. ती एक वायर तीन महागड्या राउटरांपेक्षा जास्त काम करेल. वरच्या मजल्यावर हवं तर तीच केबल पुढे नेऊन दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट (नुसता वायफाय पसरवणारा डबा) म्हणून लावा. हवेतून उचलून हवेतच पुढे फेकणारे एक्स्टेंडर घेऊ नका, वेग निम्मा होतो. आणि राउटरचे पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे, आहेत का ते विचारा. डब्यावर मोठ्या अक्षरात ३०० लिहिलेलं असतं, पोर्ट मात्र १०० चे निघतात. आज शंभरच्या प्लॅनला पंच्याण्णव मिळून जातील, उद्या प्लॅन वाढवलात की अडाल.

लॅन केबल घेताना वजन करून बघा. हलकी लागली तर आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. ब्लेडने खरवडलं की पांढरं दिसतं. शुद्ध तांब्याची कॅट-६ मागा.

गोठा. दीडशे मीटर म्हणजे लॅन केबल बाद. तिची मर्यादा १०० मीटर. लोक मध्ये स्विच घालून ओढतात, पण तुमच्याकडे उघड्यावरून तांबं नेणं म्हणजे वळवाच्या विजेला घरापर्यंत वाट काढून देणं. तिथेही फायबरच घाला. घरी आणि गोठ्यात एकेक मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे काच एकीकडे आणि लॅन केबल दुसरीकडे लागणारा लहान डबा. एका काचेवर चालणारी जोडी मागा, एकाचा जायचा रंग १३१० आणि यायचा १५५०, दुसऱ्याचा उलटा. दोन्ही एकसारखे आले तर चालणार नाहीत, दुकानात डब्यावर ए आणि बी बघून घ्या. पोलादी तार असलेली वायर खांबावर चालते, पण दोन्ही टोकांना इमारतीच्या बाहेरच ती तार सोलून वेगळी बांधा, आत नेऊ नका. जमलं तर तार नसलेली वायर पाइपात घालून जमिनीतून न्या, नांगराला लागणार नाही इतक्या खोल. गोठ्यात एक लहान पीओई स्विच ठेवा, म्हणजे कॅमेऱ्याच्या लॅन केबलमधूनच त्याला वीजही जाते. पण कडबा-गवतापासून लांब, उंचावर, बंद डब्यात. बाहेरगावाहून मोबाइलवर बघायला राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडायच्या खटपटीत पडू नका. तुमच्या राउटरला बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला मिळाला असेल तर एकाच सार्वजनिक पत्त्यावर अनेक घरं बसवलेली आहेत, आणि ते कधीच जमणार नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीचं अ‍ॅप वापरा, पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदला.

वीज गेली की लगेच नेट जातं ही तक्रार तुम्ही केली नाहीत, पण मुलगा करेल. ओएनयू आणि राउटर बहुतेक १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी तळहाताएवढा मिनी यूपीएस मिळतो. अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या, बस्स.

तुमच्या एका मित्राने शिनोळीहून, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीतून, स्वस्त लाइन आणायचा सल्ला दिलाय असं तुम्ही लिहिलंय. वायर ओढायला नकाशा आडवा येत नाही, परवाना येतो. इंटरनेट कंपन्यांचे परवाने तीन वर्गांचे: अ सगळ्या देशाचा, ब एका टेलिकॉम सर्कलचा, क त्याहून लहान भागाचा. महाराष्ट्र सर्कलचा ब वाला कर्नाटकात कनेक्शन देऊ शकत नाही. अ वाला दोन्हीकडे देईल, पण दर मग स्वस्त का राहील? शिवाय तिकडून तुमच्या गावापर्यंत वायर येणार कशी, हे मित्राला आधी विचारा.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. आरएक्सचा आकडा बघा आणि डब्याखालच्या भिंतीवर पेन्सिलने लिहा, तारखेसह. पाऊस लागला की त्याखाली दुसरा. राउटर विकायला माणूस आला की त्याला चहाआधी ती भिंत दाखवा, आणि त्याच्याकडचा पॉवर मीटर काढून तिसरा आकडा त्यालाच लिहायला सांगा.